ध्रुवीय समुद्रतळावरची जागेची झुंज आणि तापणारं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उधाणाच्या ओहोटीला आम्ही काही जण गिरगाव किंवा हाजी अलीच्या खडकांवर मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना घेऊन जातो. खडकावरचे जीव बघता बघता बोलणं अंटार्क्टिकावर जातं, कारण तो विषय मीच काढते. मग येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

समुद्रतळावरचे हे प्राणी तर जागचे हलत नाहीत. मग स्पर्धा कसली?

जागेचीच. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा वरळी किंवा माहीमच्या कोळीवाड्यात चक्कर मारा. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. त्यांचा तळ वाकून पाहा. बार्नेकलची पांढरी, धारदार, सुळक्यांसारखी कवचं, मध्येच चिकटलेली कालवं, चुन्याच्या नागमोडी नळ्या आणि त्या नळ्यांत राहणारे कृमी. बोट टेकवायला मोकळं लाकूड सापडत नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी हे सगळं खरवडून काढतात, रंग लावतात आणि होडी पुन्हा पाण्यात जाते. पहिले काही दिवस तळावर नुसता बुळबुळीत थर बसतो. मग बार्नेकल आणि नळ्यावाले येतात, आणि सवडीने कालवं, शिंपले. माहीमच्या एका नाखवांनी खरवडता खरवडता मला सांगितलं होतं, "ताई, ह्यांना लाकूड रिकामं दिसायचा अवकाश."

पृष्ठभागाला चिकटून जगणाऱ्याला जागा मिळाली तरच आधार मिळतो, वाहत्या पाण्यातलं अन्न मिळतं, वाढायला वाव मिळतो. शेजारी अंगावरून पसरला की तोंड झाकलं जातं आणि उपासमार सुरू होते. कोणी दुसऱ्याच्या अंगावर चढतं, कोणी कडेला उंच भिंत घालतं, कोणी शेजाऱ्याच्या बुडाखाली शिरून त्याला उचकटून टाकतं. हे इतकं सावकाश चालतं की आपल्याला ते शांत वाटतं. महिन्यामहिन्याने एकाच जागेचे फोटो काढून शेजारी ठेवले की झुंज दिसू लागते.

तुम्ही सारखं ब्रायोझोआ म्हणता. ते नक्की काय असतं?

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दगडावर वाळलेल्या नाजूक लेससारखं वाटतं. भिंग धरलं की त्या लेसमध्ये ओळीने मांडलेल्या चौकोनी, अंडाकृती खोल्या दिसतात, प्रत्येक एक मिलिमीटरहून लहान. एका खोलीत एक प्राणी. पाण्यात असताना तो झाकण उघडून बारीक केसांसारख्या सोंडांची छत्री बाहेर काढतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतो. धक्का लागला की छत्री आत जाते आणि झाकण बंद होतं. एक अळी दगडावर बसते, तिची पहिली खोली होते, त्या खोलीतून दुसरी फुटते, तिच्यातून तिसरी, आणि हजारो खोल्यांची वसाहत तयार होते. सगळे एकाच अळीचे वंशज.

ध्रुवीय समुद्रात दगडांवर, शिंपल्यांवर ब्रायोझोआंची गर्दी असते. दोन वसाहतींच्या कडा कुठे भिडल्या आणि कोण कोणाच्या अंगावर चढलं, हे मेलेल्या वसाहतींच्या चुन्यातही वाचता येतं. एक दगड उचलला की शेकडो लढतींचे निकाल हातात. स्पर्धेचा अभ्यास करणाऱ्यांना ब्रायोझोआ प्रिय आहेत ते याचमुळे.

पाणी गोठणबिंदूला असताना तिथे एवढे जीव कसे?

खारं पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं, आणि अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र वर्षाचा मोठा काळ त्याच्या जवळपासच असतो. तरी तळावर स्पंज, तारामासे, सी-अर्चिन, शिंपले, हातभर लांबीचे रिबन कृमी, ताटलीएवढे समुद्री कोळी आढळतात. अन्न मात्र उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच येतं, वरच्या उजेडात सूक्ष्म वनस्पती फुलल्या की. उरलेलं वर्ष पोट आवळून काढायचं. म्हणून इथे सगळंच संथ: वाढ संथ, हालचाल संथ, आयुष्य लांब.

या संथपणाला मी फार मानते. दगडावरची रुपयाएवढी वसाहत कित्येकदा आपल्या शाळकरी मुलाहून वयाने मोठी असते.

एका अंशाने काय होणार? मुंबईत सकाळ-दुपारमध्ये दहा अंशांचा फरक पडतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आपण हवेच्या हिशेबाने विचार करतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, ब्रिटिशांचं रोथेरा केंद्र आहे त्या भागात, उथळ पाण्याचं तापमान कडाक्याच्या हिवाळ्यापासून ऐन उन्हाळ्यापर्यंत जेमतेम तीन अंशांनी हलतं. ज्यांचं सगळं आयुष्य त्या तीन अंशांत जातं, त्यांच्यासाठी एक अंश म्हणजे वर्षभराच्या चढउताराचा तिसरा हिस्सा. या प्राण्यांच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षं थंड, स्थिर पाण्यात काढली. उष्णतेचा ताण आला की शरीरात संरक्षक प्रथिनं तयार करायची सोय आपल्या किनाऱ्यावरच्या साध्या गोगलगायीतही असते. अंटार्क्टिकाच्या काही प्राण्यांनी तीही गमावली आहे.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्राणी उष्णतेने मरण्याच्या कितीतरी आधी हरायला लागतो. जीवशास्त्रज्ञ लॉइड पेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टाक्यांतल्या प्रयोगांतून हे दाखवलं. अंटार्क्टिकाचा स्कॅलप शिंपला दोन अंशांच्या आसपास पोहणं सोडतो. लॅटर्नुला नावाचा मोठा शिंपला चिखलातून बाहेर पडला तर पुन्हा आत शिरतो. पाणी दोन-तीन अंशांवर गेलं की निम्म्यांना ते जमेनासं होतं. नॅसेला ही खडकावरची टोपीसारखी गोगलगाय उलटी पडली तर स्वतःला सुलट करते. पाच अंशांवर तेही संपतं. हे सगळे तेव्हा जिवंत असतात, श्वास चालू असतो. पण उलटी पडून राहिलेली गोगलगाय तारामाशाच्या वाटेत किती वेळ टिकणार?

हे प्रत्यक्ष समुद्रात कोणी तपासलंय का, की सगळं संगणकावरचं गणित?

तपासलंय, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग तोच. रोथेराजवळ पाणबुड्यांनी १५ मीटर खोलीवर सपाट पट्ट्या बसवल्या. काही पट्ट्यांना किनाऱ्यावरून वीज देऊन आतून ऊब दिली, म्हणजे पट्टीला लागून असलेला पाण्याचा पातळ थर भोवतालच्या पाण्यापेक्षा एक अंशाने गरम राहायचा, काहींवर दोन अंशांनी, आणि काही तशाच ठेवल्या. बाकी सगळं समुद्राचं: तोच प्रवाह, तेच अन्न, त्याच अळ्या, तोच अंधार. एक अंश म्हणजे पुढच्या साधारण पन्नास वर्षांतला अंदाज, दोन अंश म्हणजे शंभर वर्षांतला. गेल अ‍ॅश्टन आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग नऊ महिने चालला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

थोडीशी वाढ जास्त होईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. एक अंश ऊब दिलेल्या पट्ट्यांवर काही प्राण्यांच्या वाढीचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. फेनेस्ट्रुलिना रुगुला नावाचा एक ब्रायोझोआ दोनच महिन्यांत पट्ट्यांवर पसरून बसला. चुन्याच्या गोल वेटोळ्यात राहणारा रोमँचेला पेरिएरी हा कृमी सरासरी ७० टक्के मोठा झाला. आणि पट्टीवरची विविधता घटली.

फेनेस्ट्रुलिना ही रिकाम्या जागेवर पहिली धावून येणारी जात आहे, आपल्याकडे पहिल्या पावसानंतर उघड्या जमिनीवर टाकळा उगवतो तशी. थंड पाण्यात तिच्या मागोमाग इतरांनाही पाय ठेवायला सवड मिळते. पाणी गरम झाल्यावर ती सवड राहिली नाही. म्हणजे ऊब सगळ्यांना सारखीच मिळाली, तरी तिचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचा गाभा एवढाच आहे.

दोन अंशांवरचं चित्र विस्कळीत होतं. काही जाती वाढल्या, काही मागे पडल्या, ऋतूप्रमाणे आणि वयाप्रमाणेही फरक पडला. एका अंशाचा निकाल दुपटीने मोठा करून दोन अंशांचा अंदाज बांधता येत नाही, हेही त्यातून कळलं.

भरभर वाढ होत असेल तर ते चांगलंच नाही का?

एका जातीसाठी, काही काळ, हो. पण दहा जातींनी वाटून घेतलेला खडक आणि एकाच जातीने व्यापलेला खडक यांत फार अंतर आहे. कोणी उंच वाढून माशांच्या पिल्लांना आडोसा देतं, कोणी वेगळ्या आकाराचं अन्न गाळून घेतं, कोणी एखाद्याच गोगलगायीचं खाद्य असतं. एकच जात उरली आणि तिच्यावर रोग आला, की खडक पुन्हा उघडा.

मग हळू वाढणाऱ्या जाती दुबळ्याच म्हणायच्या ना?

नाही, अगदी उलट. ध्रुवीय खडकांवर समोरासमोर गाठ पडली की बऱ्याचदा सावकाश वाढणाऱ्या, जाड भिंतीच्या जातीच जिंकतात. चपळ पाहुणे आधी येऊन बसतात, आणि हे लोक पाच-दहा वर्षांनी येऊन त्यांच्या अंगावरून शांतपणे पसरतात. त्यांचं बळ कामी यायला मुदत लागते. ती मुदत आता कमी पडू लागली आहे, आणि त्याचं कारण नुसतं तापमान नाही. पुढचा प्रश्न त्याचाच.

हिमनगांचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. हिमनगाचा मोठा भाग पाण्याखाली असतो. उथळ पाण्यात शिरला की तो तळ नांगरत जातो आणि वाटेतलं सगळं भुगा होतं. हिवाळ्यात किनाऱ्यालगत समुद्र गोठला की हिमनग त्या बर्फात अडकून पडतात आणि तळाला विश्रांती मिळते. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उन्हाळी पृष्ठजल एका अंशाहून जास्त तापलं आणि हिवाळी बर्फाचे दिवस कमी झाले. हिमनग मोकळे, म्हणून तळावर घासाघाशी जास्त. रोथेराचे पाणबुडे वेगवेगळ्या खोलींवर छोटे ठोकळे मांडून ठेवतात आणि दरवर्षी जाऊन किती चिरडले ते मोजतात. इतकी साधी पद्धत, पण तिने वर्षानुवर्षांची नोंद दिली आहे. ज्या वर्षी बर्फ कमी काळ टिकला, त्या वर्षी जास्त ठोकळे फुटले.

याचा स्पर्धेवरचा परिणाम डेव्हिड बार्न्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडला. जागेसाठीच्या लढतीच कमी झाल्या. वाचायला बरं वाटतं, पण अर्थ वाईट आहे. दगड इतक्या वेळा पुसले जात होते की दोन वसाहतींनी वाढत एकमेकींपर्यंत पोहोचायलाही अवधी नव्हता. ज्या लढती झाल्या, त्यांत बहुतेक ठिकाणी तीच फेनेस्ट्रुलिना होती. पूर्वी ज्या दगडांवर अनेक जातींची नाना प्रकारची भांडणं दिसत, तिथे आता एकाच जातीचं राज्य.

होडीचं उदाहरण पुन्हा घ्या. वर्षातून एकदा खरवडली तर तळावर कालवंही दिसतील. दर महिन्याला खरवडली तर बार्नेकलच्या पलीकडे काही दिसणार नाही. त्यात कालवांचा काय दोष?

खेकडे अंटार्क्टिकात घुसताहेत असं वाचलं. खरं आहे का?

अंटार्क्टिकाच्या उथळ पाण्यात कवच फोडून खाणारे खेकडे आणि शार्क जवळजवळ नाहीतच. अति थंडीत खेकड्यांना रक्तातलं मॅग्नेशियम पुरेसं बाहेर टाकता येत नाही आणि त्यामुळे ते गुंगी आल्यासारखे मंद होतात. त्यांच्या गैरहजेरीत तिथले शिंपले पातळ कवचाचे राहिले, तारामासे आणि सर्पतारे उघड्यावर गर्दी करून बसले. आता द्वीपकल्पाजवळच्या पामर डीप खोऱ्यात, सुमारे ८५० मीटरच्या खाली, थोड्या उबदार पाण्यात किंग क्रॅबची मोठी वस्ती सापडली आहे. ती नव्याने आली की पूर्वापार तिथेच होती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. वरचं पाणी तापलं तर त्यांची वर यायची वाट मोकळी होईल, ही काळजी मात्र रास्त आहे. चिंबोरीचा आंगडा शिंपल्यावर काय करतो, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

पाणी गरम झालं तर हे प्राणी आणखी थंड भागात का जात नाहीत?

जाणार कुठे? दक्षिणेला सरकत गेलं की पुढे अंटार्क्टिकाची जमीन आणि बर्फ. खाली खोलात जावं तर उजेड नाही, अन्न कमी, आणि द्वीपकल्पाच्या पश्चिमेला तर खालचं पाणीच वरच्यापेक्षा उबदार आहे. शिवाय चिकटून जगणाऱ्यांत फक्त अळी प्रवास करते.

उत्तर ध्रुवाकडेही हेच चाललंय का?

तिकडची तऱ्हा वेगळी. आर्क्टिक समुद्र दक्षिणेकडच्या समुद्रांना जोडलेला आहे, त्यामुळे नवे प्रतिस्पर्धी थेट चालत, वाहत येतात. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांच्या किनाऱ्यावर निळे शिंपले सुमारे हजार वर्षांनी २००४ मध्ये पुन्हा सापडले. तिथल्याच कोंग्सफियोर्डमध्ये (फियोर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली अरुंद खाडी) संशोधक १९८० पासून ठरलेल्या खडकांचे दरवर्षी फोटो काढत आले. पंधरा वर्षं फारसा बदल नाही, आणि १९९५ मध्ये समुद्री शैवालाचा पसारा एकदम पाचपट झाला. त्याखालचे अ‍ॅनिमोन आणि इतर प्राणी झाकले गेले, खडकावरची माणसंच बदलली म्हणा ना. तापमान हळूहळू चढत होतं, बदल मात्र एका फटक्यात आला.

बेरिंग समुद्रातल्या बर्फखेकड्यांची कथा ऐकून तर माझ्या ओळखीच्या कोळणी गप्प झाल्या. हे खेकडे थंड पाण्याच्या पट्ट्यात राहतात. २०१८-१९ च्या उष्णतेच्या लाटेत तो पट्टा आक्रसला, खेकडे उरलेल्या जागेत दाटीवाटीने आले, आणि गरम पाण्यात प्रत्येकाची भूक वाढलेली. दहा अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले, मुख्यतः उपासमारीने. २०२२ मध्ये अलास्काने या खेकड्यांची मासेमारी इतिहासात पहिल्यांदाच बंद ठेवली. इथे शत्रू परका नव्हता, आपल्याच जातीचा शेजारी होता.

बर्फ वितळून नवी जागा मिळते, त्याचा कोणाला फायदा होतो का?

होतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेचा लार्सन ए हा समुद्रावर तरंगणारा बर्फाचा कट्टा १९९५ मध्ये कोसळला. त्याखालच्या तळावर उजेड आणि अन्न पोहोचू लागलं. काचस्पंज शतकानुशतकं वाढतात अशी समजूत होती, पण २००७ ते २०११ या चार वर्षांत तिथे त्यांची संख्या आणि वजन दुप्पट-तिप्पट झालं. ब्रायोझोआंची वाढही काही भागांत वाढली आहे, आणि त्यांच्या सांगाड्यातला कार्बन गाळात गाडला गेला तर तो वातावरणाबाहेर राहतो. दिलासा आहे, पण हिमनगाने तोच तळ पुन्हा नांगरला तर त्यातला किती टिकेल, हे खोलीवर अवलंबून.

पेंग्विनबद्दल बोला ना, या किड्यांबद्दल कशाला?

मुंबईच्या राणीच्या बागेतले पेंग्विन हंबोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. अंटार्क्टिकाशी त्यांचा संबंध नाही. आणि अंटार्क्टिक समुद्रातले बहुसंख्य ज्ञात प्राणी तळावरच राहतात. तिथली खरी वस्ती तीच.

भारताचा यात काही वाटा आहे का?

आहे. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, आणि तिचे नेते डॉ. एस. झेड. कासिम स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ होते. मैत्री आणि २०१२ पासून भारती ही केंद्रं तिथे चालू आहेत. उत्तरेला हिमाद्री केंद्र २००८ पासून त्याच कोंग्सफियोर्डच्या काठावर आहे, आणि २०१४ मध्ये भारताने त्या फियोर्डच्या पाण्यात तापमान व क्षारता मोजणारी उपकरणांची साखळी सोडली. शैवालाने खडक व्यापल्याची गोष्ट वर सांगितली, ती याच पाण्यातली. मराठी मुलांनी ही नावं परीक्षेसाठी पाठ करण्यापेक्षा तिथे काय मोजतात ते विचारावं, अशी माझी फार इच्छा आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर अशी झुंज दिसते का?

रोज. आपल्या समुद्राचं तापमान वर्षभरात पाच-सहा अंशांनी हलतं, खडक उन्हात तापतात, पावसाळ्यात गोडं पाणी येतं. त्यामुळे इथले जीव चिवट आहेत. पण बाहेरून आलेली एक चपळ जात काय करू शकते, याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. मायटिलॉप्सिस सालेई हा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा छोटा शिंपला जहाजांबरोबर १९६०च्या दशकात विशाखापट्टणच्या बंदरात आला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही. जिथे बसतो तिथे एकावर एक थर रचतो आणि बाकीच्यांना दाबून टाकतो. ध्रुवांवर जे पाणी तापल्याने घडतं आहे, ते इथे जहाजाने घडवलं.

आम्हाला हे स्वतः पाहायचं असेल तर?

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी निवडा, म्हणजे पाणी खूप मागे जातं. पायात पकड असलेले बूट हवेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. रिकामा, मोठा शिंपला उचला आणि त्याची आतली बाजू उजेडाकडे धरा. लेससारखे दोन डाग एकमेकांना भिडलेले दिसले तर त्यांच्या मधली रेघ शोधा. एका बाजूच्या खोल्या दुसऱ्याच्या खोल्यांवर चढल्या असतील तर लढतीचा निकाल लागलेला आहे. दोन्ही कडा उंच होऊन थांबल्या असतील तर बरोबरी. फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, पुढच्या महिन्यात त्याच खडकावर पुन्हा जा. आणि जिवंत दगड उलटवून पाहिलात तर तो पुन्हा होता तसाच ठेवा, खालची बाजू खालीच. तिथे सावलीत जगणाऱ्यांना दुपारचं ऊन अर्धा तासही सोसत नाही.